‘खिडकी बदलणे’ : परवान्याच्या भाषेतील एका क्रियापदाचा अर्थविचार

१

उष्ण प्रदेशात राहणाऱ्या गृहस्थास आपल्या घराची खिडकी बदलावयाची असल्यास परवाना घ्यावा लागतो काय, हा प्रश्न वरकरणी स्थापत्याचा व कायद्याचा आहे. नगरपालिकेच्या खिडकीशी उभा राहणारा अर्जदार तो तसाच समजतो, आणि त्याचा अर्ज पाहणारा कारकूनही तसाच समजतो. परंतु अशा अर्जांवरून जे वाद उद्भवतात, त्यांतील पुष्कळसे वाद विटाचुन्याचे नसून शब्दांचे असतात. अर्जदार ‘खिडकी बदलणे’ असे दोन शब्द लिहितो. त्याच्या मनात एक अर्थ असतो, अधिकाऱ्याच्या मनात दुसरा असतो आणि मूळ इंग्रजी कायद्यात तिसराच असतो. या तीन अर्थांतील अंतर किती महत्त्वाचे आहे, हे दारावर नोटीस चिकटली म्हणजे कळते. म्हणून या शब्दयोगाची फोड करून, कायद्याच्या कोणत्या वाक्याशी त्याचा कोणता अर्थ जुळतो, हे पाहणे केवळ कोशकाराच्या नव्हे तर नागरिकाच्याही उपयोगाचे आहे. येथे विवेचनासाठी मुख्यतः महाराष्ट्राचे व त्यातही मुंबईचे उदाहरण घेतले आहे. एका ठिकाणी गोव्याकडे वळावे लागले आहे.

२

प्रथम नामाचा विचार करू. आपल्या भाषेत खिडकीस जी अनेक नावे आहेत, ती समानार्थी म्हणून कोशात शेजारी शेजारी बसत असली तरी त्यांची दृष्टी एक नाही. ‘वातायन’ म्हणजे वाऱ्याची वाट. ‘गवाक्ष’ म्हणजे बैलाचा डोळा. या शब्दात आकार आणि पाहणे या दोन्ही कल्पना आहेत. ‘तावदान’ हा शब्द फारसीतून आला; ‘ताब’ म्हणजे प्रकाश व ‘दान’ म्हणजे तो धारण करणारे स्थान. मराठीत पुढे त्याचा अर्थ आकुंचित होऊन तो काचेच्या फलकापुरता उरला. ‘खिडकी’ हा शब्द प्राकृतातील ‘खडक्की’शी जोडला जातो, व त्याचा जुना अर्थ लहान किंवा मागचे दार असा आहे. गोव्यात पोर्तुगीज ‘जानेला’पासून ‘जनेल’ आले. म्हणजे वारा, दृष्टी, प्रकाश व येजा ही चार निरनिराळी कार्ये या नावांमागे उभी आहेत. इंग्रजीतील ‘विंडो’ हा शब्दही प्राचीन नॉर्स भाषेतील ‘वाऱ्याचा डोळा’ या अर्थाच्या समासापासून आलेला आहे, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. ज्या थंड प्रदेशात वारा आत येऊ न देण्याची खटपट करावी लागते, तेथेही नाव वाऱ्यावरूनच पडले.

व्यवहारात मात्र ‘खिडकी’ या एकाच नामाने तीन वस्तूंचा निर्देश होतो. पहिली, भिंतीत ठेवलेली मोकळी जागा. दुसरी, त्या जागेत बसविलेली चौकट. तिसरी, चौकटीला बिजागऱ्यांनी अडकविलेल्या झडपा व त्यांतील तावदाने. ‘खिडकीतून वारा येतो’ या वाक्यात पहिली वस्तू अभिप्रेत आहे. ‘खिडकीला वाळवी लागली’ यात दुसरी, आणि ‘खिडकी फुटली’ यात तिसरी. बोलणाऱ्यास यात कधी अडचण पडत नाही, कारण क्रियापद अर्थ निश्चित करते. अर्जात मात्र ‘बदलणे’ हे असे क्रियापद येते की जे तिन्ही वस्तूंना सारखेच लागू पडते.

३

आता क्रियापदांकडे वळू. खिडकीविषयीची मराठी क्रियापदे मोठी सूचक आहेत. भिंत बांधताना गवंडी खिडकी ‘सोडतो’ किंवा ‘ठेवतो’. म्हणजे तेथे तो काही करीत नाही, न करण्यातूनच खिडकी निर्माण होते. तयार भिंतीत मात्र खिडकी ‘पाडावी’ लागते. भिंत पाडली म्हणजे ती नाहीशी होते; खिडकी पाडली म्हणजे ती अस्तित्वात येते. नको असलेली खिडकी ‘बुजवितात’. रोजच्या व्यवहारात ती ‘उघडतात’ व ‘लावतात’. यांपैकी ‘लावणे’ हे क्रियापद पुन्हा द्व्यर्थी आहे. ‘पावसाआधी खिडकी लावा’ असे घरातल्या माणसास सांगितले तर ती बंद करावयाची असते; सुतारास सांगितले तर बसवावयाची असते.

अशीच द्व्यर्थता इंग्रजी नियमांतही आहे, आणि तेथूनच खरी गुंतागुंत सुरू होते. भारताची राष्ट्रीय इमारत संहिता प्रथम १९७० साली प्रसिद्ध झाली व १९८३, २००५ आणि २०१६ साली सुधारून निघाली. ज्या किरकोळ फेरफारांना परवान्याची आवश्यकता नाही, अशांची एक यादी तीत आहे. रंगकाम, सफेदी, गिलावा, नवी फरसबंदी, आतील पडद्या यांच्याबरोबर त्या यादीत ‘खिडकी, दार किंवा झरोका यांचे ओपनिंग व क्लोझिंग’ असा उल्लेख येतो. शब्दशः भाषांतर केल्यास याचा अर्थ ‘खिडकी उघडणे व लावणे’ असा होईल, आणि खिडकी उघडण्यास परवाना लागत नाही हे सांगण्यासाठी संहितेची गरज काय, असा प्रश्न पडेल. येथे अभिप्रेत अर्थ ‘खिडकी पाडणे व बुजविणे’ हा आहे. मराठीत या दोन अर्थांना दोन स्वतंत्र क्रियापदांच्या जोड्या असल्याने मराठी मजकूर मूळ इंग्रजीपेक्षा अधिक निःसंदिग्ध होऊ शकतो. राज्यव्यवहार मराठीत आणण्याच्या कार्यात अशा ठिकाणी लोकभाषेतील क्रियापदच उपयोगी पडते. संस्कृतातून नवे पद घडविण्याचे प्रयोजन उरत नाही.

तथापि या सवलतीला एक अट आहे. इमारतीची सर्वसाधारण आवश्यकता, तिची मजबुती, अग्निसुरक्षा व आरोग्य यांविषयीच्या तरतुदींचा भंग होत नसेल तरच ती लागू पडते. शिवाय ही संहिता स्वतः आदेशरूप नाही. स्थानिक नियमावली तिच्यातून जेवढे स्वीकारील तेवढेच बंधनकारक होते. म्हणून केवळ संहितेच्या आधारावर ‘परवाना लागत नाही’ असा निष्कर्ष काढणे धोक्याचे आहे.

४

महाराष्ट्रातील अर्जदारास ज्या कायद्यांशी प्रत्यक्ष गाठ घालावी लागते, त्यांतील तीन येथे पाहू. प्रत्येकाची कसोटी वेगळी आहे.

पहिला, महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६. त्याच्या ४३ व्या कलमानुसार विकासकार्यास पूर्वपरवानगी लागते. परंतु जी कामे केवळ इमारतीच्या अंतर्भागावर परिणाम करतात, किंवा तिच्या बाह्य स्वरूपात लक्षणीय फरक पाडीत नाहीत, अशी देखभालीची व सुधारणेची कामे त्यातून वगळली आहेत. येथे सारा भार ‘लक्षणीय’ या एका विशेषणावर आहे. खिडकी हा घटक आतला की बाहेरचा, याचे उत्तर सोपे नाही; ती दोहोंच्या सीमेवर बसलेली असते. जुनी हिरवी लाकडी झडप काढून त्याच मापाची लाकडी झडप बसविली तर बाह्य स्वरूप तेच राहते. तिच्या जागी काळसर काच व चकचकीत ॲल्युमिनियम आले, तर एकट्या घराच्या बाबतीत तो फरक लक्षणीय मानला जाईलच असे नाही; पण एकसारख्या खिडक्यांच्या रांगेत तो दुरून दिसतो. शब्द एकच असला तरी त्याचे माप परिसरावर अवलंबून राहते.

दुसरा, मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८. त्याच्या ३४२ व्या कलमान्वये इमारतीत भर घालणे, फेरफार वा दुरुस्ती करणे यांची सूचना आयुक्तास द्यावी लागते. वास्तव्यास योग्य स्थिती राखण्यासाठी केलेल्या किरकोळ दुरुस्त्या मात्र सुटतात. या सवलतीत काय येत नाही हेही कायदा सांगतो : इमारतीच्या अस्तित्वातील आडव्या वा उभ्या मापांत बदल, आणि भारवाही भिंती किंवा संरचनेचे घटक काढणे वा बदलणे. येथील कसोटी दर्शनाची नसून मापाची व भाराची आहे. चौकट बदलताना भिंत चार बोटे रुंद फोडली, किंवा वरच्या तुळईला, म्हणजे बांधकामावरील लोक जिला लिंटेल म्हणतात तिला, धक्का लावला, तर ‘दुरुस्ती’ हा शब्द अर्जात कितीही वेळा लिहिला तरी ते काम दुरुस्ती राहत नाही.

तिसरा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. घरमालकाच्या लेखी संमतीवाचून भाडेकरूने कायम स्वरूपाचे बांधकाम उभारणे हे त्याला जागेवरून काढण्याचे एक कारण म्हणून १६ व्या कलमात दिले आहे. परंतु त्याच ठिकाणच्या स्पष्टीकरणात ‘कायम बांधकाम’ या संज्ञेतून काही गोष्टी वगळल्या आहेत. लाकडी पडदी, स्वयंपाकाचा ओटा, दार, जाळीकाम, वातानुकूलन यंत्र यांच्यासमवेत त्यांत ‘वायुवीजनासाठी आवश्यक अशी खिडकी पाडणे’ हेही येते; मात्र जेथे आवश्यक असेल तेथे नगरपालिकेची परवानगी घेतलेली असावी. या वाक्यात ‘आवश्यक’ हा शब्द दोनदा येतो व दोन निरनिराळ्या गोष्टींना लागतो. एकदा तो हवेच्या गरजेस लागतो, एकदा परवानगीच्या गरजेस. पहिली आवश्यकता सिद्ध केली पण दुसरी विसरली, तर संरक्षण अपुरे पडते. एका विशेषणाच्या वाचनावर कुटुंबाचे छप्पर अवलंबून असू शकते, याचे याहून स्पष्ट उदाहरण शोधावे लागणार नाही.

याखेरीज सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या सभासदास संस्थेच्या उपविधींनुसार समितीची लेखी परवानगी घ्यावी लागते. संस्थेची परवानगी ही नगरपालिकेच्या परवानगीचा पर्याय नव्हे, आणि नगरपालिकेची ही संस्थेच्या परवानगीचा पर्याय नव्हे. बोलण्यात दोहोंना ‘परवानगी मिळाली’ असेच म्हटले जाते, व त्यामुळे एक हाती आली की दुसरीची आठवण राहत नाही.

५

येथवर ज्या कसोट्या पाहिल्या त्या मापाच्या, भाराच्या व दर्शनाच्या आहेत. उष्ण हवामानात राहणाऱ्या माणसाची निकड मात्र निराळी असते. त्याला वारा हवा असतो व ऊन नको असते.

हवामानाची दखल राष्ट्रीय संहितेने घेतली आहे. खोलीच्या तळक्षेत्राच्या मानाने हवा-उजेडाच्या मोकळ्या जागेचे किमान प्रमाण तिने प्रदेशागणिक वेगळे ठेवले : उष्ण व कोरड्या हवामानात एक दशांश, उष्ण व दमट हवामानात एक षष्ठांश, मधल्या हवामानात एक अष्टमांश आणि थंड प्रदेशात एक द्वादशांश. मुंबई, रत्नागिरी व पणजी ही दमट विभागात येतात. सोलापूर व औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, ही कोरड्या विभागात येतात. जेथे ऊन अधिक प्रखर तेथे खिडकी लहान, हे प्रथमदर्शनी चमत्कारिक वाटते. पण त्यामागील कारण सरळ आहे. कोरड्या प्रदेशात दुपारचा वारा शरीरापेक्षा तापलेला असतो. तो आत न घेणे हाच गारवा. म्हणून माळवदाच्या घरांच्या भिंती जाड, खिडक्या थोड्या, आणि उजेडासाठी छतात साणे ठेवलेले असे. दमट किनाऱ्यावर तापमान तुलनेने कमी असले तरी घाम वाळत नाही. तो वाळविण्यासाठी वाहता वारा हवा, म्हणून खिडकी मोठी.

ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोने २०१८ साली नव्या निवासी इमारतींसाठी जी ‘इको-निवास संहिता’ काढली, तिने हेच प्रमाण एक पाऊल पुढे नेले. तिने भिंतीतील मोकळी जागा न मोजता प्रत्यक्ष उघडू शकणारे क्षेत्र मोजले. दमट विभागासाठी ते तळक्षेत्राच्या १६.६६ टक्के व कोरड्या विभागासाठी १० टक्के ठेवले. बिजागरीवर फिरणाऱ्या झडपांची खिडकी सुमारे ९० टक्के उघडते, आणि दोन फलकांची सरकती खिडकी ५० टक्केच उघडते, असे ती धरते.

याचा अर्थ आकड्यांत पाहू. मुंबईतील १२ चौरस मीटरच्या खोलीस एक षष्ठांशाच्या हिशेबाने २ चौरस मीटर क्षेत्र उघडे मिळावयास हवे. भिंतीतील जागा २.४ चौरस मीटर असून तिला जुन्या लाकडी झडपा असतील, तर २.१६ चौरस मीटर उघडतात व गरज भागते. त्याच जागेत, एक वीटही न हलविता, सरकती खिडकी बसविली तर केवळ १.२ चौरस मीटर उघडतात. माप बदलले नाही, भार बदलला नाही, दर्शनही कदाचित लक्षणीय बदलले नाही. मात्र वाऱ्याची वाट जवळजवळ निम्मी झाली. गवाक्ष कायम राहिले आणि वातायन आक्रसले. परवान्याच्या भाषेत ही घटना नोंदविण्यास शब्दच नाही, कारण ती भाषा भोक व चौकट ओळखते. झडप कशी उघडते हे ती विचारीत नाही. नंतर उकाडा होतो, वातानुकूलन यंत्र येते, आणि त्यासाठी त्याच खिडकीचा एक भाग बुजवावा लागतो.

उन्हाचा हिशेबही असाच नजरेआड राहतो. मुंबईच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १९ अंशांवर, मेच्या मध्यास माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो. त्या वेळी दक्षिणेच्या खिडकीवरील साधा छज्जाही पुरेसा होतो. त्रास होतो तो पश्चिमेच्या खिडकीचा. तेथे तिसऱ्या प्रहरी ऊन तिरपे येते व छज्जाखालून आत शिरते. काचेतून एकदा आत आलेली उष्णता आतल्या पडद्याने परत जात नाही. ती अडवावयाची तर काचेच्या बाहेरच अडविली पाहिजे. तिरप्या पट्ट्यांच्या लाकडी झडपा हे काम करीत व वाराही येऊ देत. विदर्भात दारा-खिडक्यांबाहेर वाळ्याचे पडदे सोडून त्यांवर पाणी शिंपडण्याची चाल होती, तिचेही मर्म हेच आहे. पण बाहेर काही लावावयाचे म्हटले की ते ‘बाह्य स्वरूपा’त येते, आणि भिंतीबाहेर पिंजऱ्यासारखी आलेली लोखंडी जाळी असेल तर मापाचा व आगीच्या वेळी सुटकेचाही प्रश्न उभा राहतो.

६

वारसा म्हणून घोषित झालेल्या इमारतींत ‘बदलणे’ या क्रियापदावर आणखी एक बंधन येते. मुंबईने १९९५ साली वारसा-इमारतींसाठी नियम केले व इमारतींच्या श्रेणी ठरविल्या. पहिल्या श्रेणीत, इमारत टिकविण्यासाठी अपरिहार्य असेल तेवढाच हस्तक्षेप मान्य होतो. पुढील श्रेणींत ही मुभा क्रमाने वाढते. दक्षिण मुंबईतील व्हिक्टोरियन गॉथिक व आर्ट डेको इमारतींचा समूह २०१८ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत दाखल झाला. तेथील आर्ट डेको इमारतींत खिडकीवरून भुवईप्रमाणे आडवे गेलेले छज्जे ही शोभा आहे व सावलीही आहे. अशा ठिकाणी ‘होते तसेच बसविणे’ हाच सुरक्षित मार्ग समजला जातो.

परंतु होते तसेच बसविणे नेहमी शक्य असते काय? गोव्यातील जुन्या घरांच्या जनेलांना काचेऐवजी शिंपल्याची तावदाने असत. प्लाकुना प्लासेंटा या चपट्या शिंपल्याचे अर्धपारदर्शक पापुद्रे चौकोनी कापून लाकडी पट्ट्यांत बसवीत. त्यांतून प्रखर ऊन मऊ होऊन आत येई. हा शिंपला २००१ साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत समाविष्ट झाला, व तो मुक्तपणे गोळा करणे थांबले. तेव्हा वारशाचा नियम जुन्यासारखेच करा असे सुचवितो आणि निसर्गरक्षणाचा नियम जुने साहित्य घेऊ देत नाही. ‘तसेच’ या शब्दाचा अर्थ येथे द्रव्याने लावावयाचा, रूपाने लावावयाचा की कार्याने, असा प्रश्न राहतो. घरमालक साधी पांढरी काच बसवितो तेव्हा रूप थोडे राहते, कार्य राहत नाही.

७

वरील विवेचनावरून अर्जदाराच्या दृष्टीने काही गोष्टी निष्पन्न होतात. अर्जात ‘खिडकी बदलणे’ असे मोघम लिहू नये. काय राहणार आहे ते आधी व काय जाणार आहे ते नंतर सांगावे. उदाहरणार्थ, ‘पश्चिमेकडील खोलीच्या भिंतीतील खिडकीची जागा, तिचे ठिकाण, रुंदी व उंची कायम ठेवून, जुनी लाकडी चौकट व झडपा काढणे आणि त्याच मापाची चौकट व बाहेर उघडणाऱ्या झडपा बसविणे, भिंत, तुळई व छज्जा यांस हात लावावयाचा नाही’, असे वाक्य लांब असले तरी त्यात मापाच्या, भाराच्या व दर्शनाच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आहेत. सोबत आधीचे छायाचित्र व मापांचा साधा आराखडा जोडावा. इमारत वारसा-यादीत आहे काय हे प्रथम पाहावे. भाडेकरूने मालकाची संमती, व सभासदाने संस्थेची परवानगी, लेखी घ्यावी. परवाना लागत नाही असे तोंडी सांगण्यात आले तर तेही लेखी मागावे. कारण नोटीस लेखीच येते. अर्थात् अर्जातील वाक्य कितीही नेटके असले तरी प्रत्यक्ष काम त्याबाहेर गेले, तर ते वाक्यच अर्जदाराविरुद्ध पुरावा होते.

नियम करणाऱ्यांच्या दृष्टीनेही एक गोष्ट निष्पन्न होते. १९६४ च्या राजभाषा अधिनियमापासून परिभाषेचे मोठे काम झाले. ‘परवाना’, ‘परवानगी’ व ‘अनुज्ञप्ती’ यांतील भेद कोशात निश्चित झाला. तथापि हा भेद देणाऱ्याच्या बाजूचा आहे. मागणाऱ्यास जे सांगावयाचे असते, त्याची परिभाषा अद्याप अर्जाच्या नमुन्यात आलेली नाही. नमुन्यात ‘कामाचे स्वरूप’ या रकान्याखाली पाडणे, बुजविणे, चौकट बदलणे व झडप बदलणे असे चार पर्याय, आणि त्यापुढे ‘पूर्वी किती उघडत होती व आता किती उघडेल’ एवढा एकच प्रश्न छापला, तर गवंडी, सुतार, गृहिणी व कारकून या सर्वांस तो सारखाच समजेल. हे शब्द नव्याने घडवावे लागणार नाहीत. ते घराघरांत आहेतच.